ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अल्याड-पल्याड: ज्यांना चालावंच लागतं त्यांच्यासाठी वाट कुठे आहे?

सावली_कोपरखैरणे

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईत चालायला जागा भरपूर आहे असं आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो आणि ते खरंही आहे. वाशीचा मिनी सी-शोअर, नेरूळचं तळ्याकाठचं ज्वेल उद्यान, जवळपास प्रत्येक सेक्टरातलं उद्यान आणि त्यातला ट्रॅक. पण ही सगळी सोय फिरायला जाणाऱ्यांची झाली. चालत कामाला जाणाऱ्यांची सोय कुठे आहे?

तुर्भे स्टोअर, हनुमान नगर, इंदिरा नगर, गणपती पाडा या वस्त्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला आहेत. तिथल्या बायका घरकामासाठी सानपाडा, वाशी, कोपरखैरण्याच्या सेक्टरांत येतात. उलट दिशेने, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे स्टेशनांवर उतरलेले कामगार एमआयडीसीकडे जातात. दोन्ही लोंढे त्या एकाच रस्त्यावर आडवे येतात आणि त्याच रस्त्यावरून मार्केटचे ट्रक, कंटेनर, रेती-खडीचे डंपर धावतात. रिक्षाला रोज पैसे घालणं परवडत नाही म्हणून ही माणसं चालतात. पलीकडे गेल्यावरही पदपथ सलग नाही. कुठे गटाराचं झाकण नाही, कुठे ट्रक उभा, कुठे झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट.

आणि याच वस्त्यांच्या अंगाला कारखाने आहेत, तुर्भ्याचं डम्पिंग आहे, मागे डोंगर खणून झालेल्या दगडखाणी आहेत. माझं म्हणणं असं की शहरात सर्वांत जास्त जे चालतात, ज्यांच्या गाड्यांचा धूर शून्य आहे, त्यांच्याच वाट्याला सर्वांत वाईट रस्ता आणि सर्वांत वाईट हवा आली आहे. पदपथाची तक्रार बांधकाम विभागाकडे आणि धुराची प्रदूषण मंडळाकडे, अशी वाटणी करून आपण हे कधी एकत्र बघतच नाही.

तुमच्या भागात नाइलाजाने चालणारे लोक कुठून कुठे चालतात? आणि मागणी करायची तर पहिली कोणती करावी? ठाण्याच्या लोकांनीही लिहा.

घोडबंदर_निवासी

विषय जिव्हाळ्याचा आहे. पण हे फक्त गरिबांचं दुखणं आहे असं मांडू नका ही विनंती. मी घोडबंदर रोडवर मोठ्या संकुलात राहतो. आमच्याकडे पोडियमवर चालायचा ट्रॅक आहे, झाडं आहेत, बाकं आहेत. गेटबाहेर पाऊल टाकलं की संपलं. समोर दिसणाऱ्या भाजीवाल्याकडे जायला रिक्षा करावी लागते, कारण मेट्रोचे खांब, बॅरिकेड आणि अवजड वाहनं यांतून रस्ता ओलांडायची हिंमत होत नाही. त्यात सेवा रस्ते मुख्य रस्त्यात घ्यायचं काम निघालं. सेवा रस्ता हीच आमची चालायची, शाळेच्या बसची आणि सायकलची जागा होती. लोकांनी विरोध केला तो उगाच नाही. सत्तरीचे वडील महिनोन् महिने संकुलाबाहेर चालत गेलेले नाहीत. आमच्यावर अन्याय नाही का?

सावली_कोपरखैरणे

@घोडबंदर_निवासी, अन्याय आहेच, आणि वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण एक फरक पाहा. रस्ता धोक्याचा झाल्यावर तुम्ही रिक्षा करू शकता. तुमच्या संकुलात झाडू मारायला येणारा माणूस तोच रस्ता चालतच ओलांडतो. तुमचा प्रश्न त्याच्याशी जोडला तर दोघांचीही बाजू भक्कम होईल.

घोडबंदर_निवासी

हे मान्य. आमच्या सोसायटीच्या सभेत सुरक्षारक्षक आणि कामवाल्या मावशी रस्ता कसा ओलांडतात हा विषय कधी निघालेला नाही. काढतो.

विटावेकर

ठाणे स्टेशन आमच्यापासून डोळ्यांना दिसतं एवढं जवळ. मध्ये खाडी. विटाव्यातली माणसं वर्षानुवर्षं रेल्वेच्या रुळांवरून पूल ओलांडून ठाण्याला जात आली आहेत. का, तर रस्त्याने गेलं तर कळव्याचा वळसा, त्यात कोंडी, आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की तोही बंद. रुळांवर किती घरांची माणसं गेली ते गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रूळ ओलांडू नका असे फलक लावले, दंड केला. माणूस मरणाच्या वाटेने का जातो याचं उत्तर मात्र पादचारी पुलाची मागणी करकरून मिळवावं लागलं. गाड्यांसाठी खाडीवर एकामागून एक पूल झाले हो. चालणाऱ्याचा पूल मागायला एवढी वर्षं का लागतात?

तेव्हा @सावली_कोपरखैरणे, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: माणसं आज जिथून चालतात तिथेच वाट द्या. नकाशावर सोयीची दिसेल तिथे नको.

पेव्हर_पीडित

विटावेकरांच्या शेवटच्या ओळीला हजार मोदक.

नकाशावेडा

थोडा इतिहास, कारण या प्रश्नाचं मूळ आराखड्यातच आहे.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. त्याआधी १९६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. सिडकोने नोड म्हणजे वेगवेगळी उपनगरं पाडली, नोडमध्ये सेक्टर, सेक्टरात शाळा, बाजार, मैदान. सेक्टराच्या आत चालत सगळं मिळावं हा विचार त्यात होता आणि वाशी-नेरूळच्या जुन्या सेक्टरांत तो आजही अनुभवाला येतो. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधल्या गल्ल्या बघा, तिथे गाडीच बिचकत शिरते.

पण ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा त्याच्या आधीचा, साठच्या दशकातला. कारखाने आले, कामगार आले, कामगारांच्या घरांची तजवीज कुणीच केली नाही. ते डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याच्या कडेला, खाणीशेजारी राहिले. नंतर नोड आले ते रस्त्याच्या पश्चिमेला. रेल्वेही पश्चिमेला. ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी लोकल सुरू झाली २००४ मध्ये, आणि दिघा गावचं स्टेशन उघडायला २०२४ उजाडलं. म्हणजे डोंगराकडच्या माणसाला शाळा, दवाखाना, लोकल, बाजार, यांतल्या बऱ्याच गोष्टींसाठी तो रस्ता ओलांडणं भाग आहे. महापे, घणसोली, तळवली भागात उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग झाले, त्याने वाहनांचे सिग्नल वाचले. वाहन न थांबता धावायला लागलं की चालणाऱ्याला ओलांडायची फटही मिळत नाही, याचा हिशेब त्या कामात धरलेला दिसत नाही.

आता मोजमाप. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं आयआरसी १०३ म्हणून ओळखली जातात. त्यांची २०१२ ची आवृत्ती सांगते: निवासी भागात पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान १.८ मीटर हवी, दुकानांच्या भागात किमान २.५. उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे कित्येक पदपथ एवढे उंच की म्हाताऱ्या माणसाला कठडा धरून चढावं लागतं.

सिग्नलचं गणित तर कुणीही करू शकेल. दोन्ही बाजूंना तीन-तीन मार्गिका, दर मार्गिका साडेतीन मीटर, दुभाजक धरून साधारण २४ मीटर. सेकंदाला १.२ मीटर वेगाने चालणाऱ्या धडधाकट माणसाला २० सेकंद लागतात. डोक्यावर ओझं किंवा कडेवर मूल असलेली बाई ०.८ मीटरने चालली तर ३० सेकंद. हिरवा माणूस त्याआधीच विझत असेल तर बाई अर्ध्या रस्त्यात कंटेनरसमोर उभी राहणार, हे कागदावरच ठरलेलं आहे.

बावखल

नमस्कार मंडली :) आमी गावठानवाले.

नकाशावेडा भाऊंनी इतिहास १९६५ पासून सांगितला. आम्ही त्याच्या आधीचे. घणसोली, गोठिवली, तळवली, रबाळे, ऐरोली, शेजारचं दिवा, कोपरखैरणे, जुहू, वाशी ही गावं तुमच्या सेक्टरांच्या नावाआधीपासून इथे आहेत. शेती, मिठागरं, खाडीची मासेमारी. नव्या शहरासाठी जमीन गेली, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच माणसं हुतात्मा झाली, आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. शहराचं सगळं नियोजन गावाच्या कुंपणापर्यंत येऊन थांबलं. मुख्य रस्ता, मलवाहिनी, दिवे, सगळं सेक्टराला. गावाला मिळालं ते सेक्टराचं वाहून आलेलं पावसाचं पाणी, कारण सेक्टर भराव टाकून उंच केले.

तरी एक सांगतो. चालण्याच्या बाबतीत गावठाण अजून सेक्टरापेक्षा बरं आहे. किराणा, दळण, देऊळ, शाळा, मासळीवाली, सगळं हाकेच्या अंतरावर. गल्लीला सावली असते, ओटे असतात, म्हातारी माणसं टेकत टेकत जातात. आता उंच इमारती दाटीने उठल्यात, बाईक गल्लीत घुसतात, आणि अग्निशमन गाडी आत येऊ शकत नाही, हा मोठा धोका आहे आणि त्यावर गावानेच बोललं पाहिजे. पण गावठाण म्हणजे बकाल असं समीकरण कुणी मांडू नका.

आणखी एक वाट गेली तिच्याबद्दल कुणीच लिहीत नाही. खाडीवर जायची. आमच्या आज्या खाडीत निवट्या (चिखलातले मासे) आणि खेकडी धरायला पायी जायच्या. मध्ये मोठे रस्ते, भिंती, कुंपणं आली. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली, अभिमान आहे. पण ज्यांनी ती खाडी पिढ्यान् पिढ्या पायाखाली घातली त्यांना होडीपर्यंत जायला सरळ वाट हवी की नको? पर्यावरणाचा न्याय म्हणाल तर मी इथून सुरू करेन.

मीनल_ठा

@बावखल, निवट्या म्हटल्यावर चालणं बाजूला राहिलं आणि मला आईच्या हातचं कालवण आठवलं. पाककृतीचा वेगळा धागा काढाच!

बावखल

काढतो. पन निवट्या घेऊन तुमालाच यायला लागंल, पायी :)

नियमप्रिय

सगळे एवढं लिहितायत, मुद्द्याचं कुणी बोलत नाही. पदपथ आहेत. त्यावर फेरीवाले आहेत, टपऱ्या आहेत, गॅरेजं आहेत. आधी ते हटवा, चालायला आपोआप जागा होईल. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आम्ही मालमत्ता कर भरतो आणि रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालतो.

जांभळी_नाका

@नियमप्रिय, माझी आई भाजी विकते. जागा सांगत नाही. पहाटे मार्केटमधून माल, सकाळी धंदा, संध्याकाळी धंदा. तिचं गिऱ्हाईक कोण? चालत घरी जाणारे. स्टेशनवरून उतरून, पिशवीत पावशेर मिरच्या-कोथिंबीर टाकून जाणारे. गाडीवाला तिच्याकडे थांबत नाही. चालणारे आणि विकणारे एकमेकांवर जगतात, त्यांना एकमेकांचे शत्रू करू नका.

तुम्ही २०२५ चा निकाल सांगितलात, चांगलं केलंत. १९८५ मध्ये याच न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असंही म्हटलंय. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण, मग जागा नेमून देणं, आणि तोवर उठवायचं नाही. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका. आई रोज गाडी आली की टोपली उचलून पळते. तिला पट्टा आखून द्या, ती एक इंच पुढे सरकणार नाही, आणि पदपथावर तिच्या उजेडात बायका निर्धास्त चालतील.

पदपथ अडवणाऱ्यांत उभ्या केलेल्या गाड्या मोजा एकदा. टोपलीची जागा आणि चारचाकीची जागा शेजारी शेजारी मांडा.

नियमप्रिय

@जांभळी_नाका, तुमच्या आईंबद्दल आदर आहे. माझा आक्षेप हप्ता देऊन अख्खा पदपथ पक्क्या शेडने बंद करणाऱ्यांबद्दल आहे. पट्टा आखून, १.८ मीटर मोकळे ठेवून विक्री होत असेल तर मला काहीच म्हणायचं नाही. पण पट्टा आखेपर्यंत आम्ही कुठून चालायचं, हे कुणी सांगत नाही.

मीनल_ठा

इथे मला ठाण्याचं उदाहरण द्यावंसं वाटतं. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीला गाड्या बंद असतात. पाडव्याच्या स्वागतयात्रेलाही रस्ते माणसांचे होतात. गोखले रोडवर एरवी खांद्याला गाडीचा आरसा घासून जातो, त्या दिवशी तिथे पोरंटोरं, आजी-आजोबा रेंगाळत असतात. रस्ता गाड्यांसाठी बंद करणं अशक्य आहे असं सांगणारी यंत्रणा सणाला ते करून दाखवते. पण नौपाड्यासारख्या मध्यवर्ती भागात जे होतं ते किसन नगर, लोकमान्य नगर, मुंब्रा, दिव्यात होत नाही. दिव्याने कित्येक वर्षं ठाण्याचा कचरा सोसला, तिथल्या लोकांनी दारं-खिडक्या लावून दिवस काढले. सण साजरा करायलासुद्धा काही वस्त्यांनाच रस्ता मिळतो हे मला खटकतं.

डॉ_अनघा

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात वैद्यकीय व्यवसाय करते, म्हणून हवेबद्दल लिहिते.

बसलेल्या माणसापेक्षा भरभर चालणारा माणूस दुप्पट-तिप्पट हवा आत घेतो. त्यामुळे एकाच रस्त्यावर काच लावून गाडीत बसलेल्याला आणि कडेने चालणाऱ्याला एकच हवा मिळत नाही. लहान मुलाचं नाक ट्रकच्या धुराड्याच्या उंचीला येतं. पीएम २.५ या बारीक कणांसाठी आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५. पण मोजणारी यंत्रं वस्तीच्या तोंडाशी क्वचित असतात. रस्त्याच्या कडेला, डम्पिंगच्या वाऱ्याच्या दिशेला काय आहे ते शहराच्या सरासरीत विरून जातं. रात्री येणाऱ्या रासायनिक वासाबद्दल वाशी-कोपरखैरण्याचे लोक तक्रार करतात, त्याची बातमी होते. रस्त्यापलीकडची वस्ती त्या वासात झोपते.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कित्येकींना मी 'चालत जा' असा सल्ला देऊच शकत नाही, त्या आधीच दमेपर्यंत चालतात. 'तोंडाला रुमाल बांधा' सांगणं मला अपुरं वाटतं. खरा इलाज शहराच्या हातात आहे: अवजड वाहनांची वेळ, उघडी खडी नेणारे डंपर झाकणं, रस्त्याची धूळ झाडून उडवण्याऐवजी ओढून घेणं, आणि झाडं. पत्र्याच्या घरातून उन्हात निघालेल्या बाईला स्टेशनपर्यंत सलग सावली मिळणं ही माझ्या लेखी औषधाइतकी गरजेची गोष्ट आहे. सेक्टरातल्या पर्जन्यवृक्षांखालून चालून बघा आणि मग एमआयडीसीच्या रस्त्यावर भर दुपारी चाला, अंगाला फरक कळतो.

पेव्हर_पीडित

आणि पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवरून चाला. ज्याच्यावर पाय ठेवाल तोच नेमका पिचकारी मारतो. शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलीने 'पाण्याच्या फरश्या' पाठ केल्यात, ती उड्या मारत जाते आणि आई मागून ओरडत.

चाकांवरची_आई

उड्या मारता येत नाहीत त्यांच्याबद्दल लिहिते. माझा मुलगा व्हीलचेअर वापरतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पदपथाला उतार हवेत हे सगळ्यांना माहीत आहे. उतार असतो आणि त्याच्या तोंडावर बाईक येऊ नये म्हणून खांब रोवलेले असतात. खांबांत चेअर मावत नाही.

आणि विटावेकरांना विरोध करायचा नाही, खाडीवर पूल हवाच. पण रस्ता ओलांडायला पादचारी पूल, स्कायवॉक, भुयारी मार्ग अशा मागण्या करणाऱ्यांनी जरा थांबा. पुलाने रस्त्यावरची गाडी थांबत नाही, माणसाला वर चढवलं जातं. लिफ्ट बसवली तरी ती चालू असेल याची खात्री नाही. सायन-पनवेल महामार्गाखालच्या काही भुयारी मार्गांत वर्षानुवर्षं पाणी साचलेलं आपण पाहिलंय. ओझं घेतलेली बाई, गरोदर बाई, गुडघे गेलेली माणसं, माझा मुलगा, यांना जमिनीवरून, सिग्नलला, पुरेसा वेळ देऊन ओलांडता आलं पाहिजे. गाडीने तीस सेकंद थांबावं.

नकाशावेडा

@चाकांवरची_आई, पूर्ण सहमत. त्यात वेगाची भर घालतो. माणसं आणि वाहनं जिथे मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. आणि देशाचा आकडा समोर असू द्या: केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळपास दर पाचवा.

शिफ्टवाला

मी रबाळे एमआयडीसीत आहे. तिन्ही पाळ्या करतो. एवढं लांब लिहायची सवय नाही, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

दुसरी पाळी रात्री सुटते. गेटबाहेर आलं की दिवे असतात तिथे असतात, नसतात तिथे पूर्ण काळोख. कडेला ट्रकांची रांग, त्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या बोळातून चालायचं किंवा रस्त्याच्या मधून. आमच्या खात्यातल्या बायका तीन-चार जणी जमल्याशिवाय निघत नाहीत. एकीला उशीर झाला की सगळ्या थांबतात. शेअर रिक्षा स्टेशनच्या तोंडाशी मिळते, आत येत नाही. बस आहे पण पाळीच्या वेळेला नाही. ट्रकवाल्यांचाही दोष देत नाही मी, त्यांना उभं राहायला जागा कुठे दिली आहे? ती माणसंही तिथेच झोपतात, तिथेच स्वयंपाक करतात.

साहेब लोकांच्या बस कंपनीच्या आत येतात. त्यामुळे कंपनीलाही बाहेरचा रस्ता कधी दिसत नाही.

नियमप्रिय

@शिफ्टवाला, हे माहीत नव्हतं. बायका एकमेकींसाठी थांबतात हे वाचून गप्प झालो. ट्रक तळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, फेरीवाल्यांपेक्षा मोठा.

वाचनमात्र

पर्यावरणाचा न्याय ही मागणी जगात ज्या घटनेमुळे पुढे आली असं मानतात ती सांगावीशी वाटते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत १९८२ मध्ये पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरायची जागा ठरली. वस्ती प्रामुख्याने काळ्या, गरीब लोकांची. लोक मोर्चाने चालत गेले आणि मातीचे ट्रक अडवायला रस्त्यावर आडवे पडले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. ट्रक थांबले नाहीत, माती पुरलीच. पण विषारी कचऱ्याच्या जागा आणि वंश यांचा संबंध तपासायची सुरुवात त्यातून झाली, १९८७ मध्ये त्यावर देशव्यापी अहवाल आला. आपल्याकडे वंशाच्या जागी जात, स्थलांतर आणि घराचे कागद ठेवून बघा. कोणाच्या दारात डम्पिंग, खाण आणि ट्रकचा रस्ता आला याचं उत्तर डोंगराच्या पायथ्याला मिळतं.

घोडबंदर_निवासी

एक शंका. वस्ती तिथे नंतर आली, कारखाने आणि डम्पिंग आधी होते, असं म्हणणारे भेटतील. त्यांना काय उत्तर द्यायचं?

जांभळी_नाका

कारखान्याला कामगार हवा होता म्हणून वस्ती आली. कामगार हवा आणि त्याचं घर नको, असं चालत नाही.

बावखल

आणि आमी तर आदीच होतो.

सावली_कोपरखैरणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मी पहिल्या मागणीबद्दल विचारलं होतं, त्यावर हाती काय लागलं ते मांडते.

विटावेकर म्हणाले जिथे माणसं आज चालतात तिथेच वाट द्या. चाकांवरची_आई म्हणाल्या जमिनीवरूनच. नकाशावेडा यांनी सेकंद मोजून दिले. तेव्हा सुरुवात एका सिग्नलपासून करावी असं मला वाटतं. तुर्भे स्टोअर किंवा रबाळे, जिथे ओलांडणारे सर्वांत जास्त आहेत तिथे पादचाऱ्यांसाठी किमान ३० सेकंद, दोन्ही टोकांना उतार, आणि तिथून पुढे स्टेशनपर्यंत आणि आतल्या गेटांपर्यंत सलग १.८ मीटर, दिवे आणि झाडं. ट्रक तळ ही मोठी मागणी आहे, ती सोडायची नाही, पण तिला वेळ लागेल. सेकंद वाढवायला भूसंपादन लागत नाही.

अडचण हद्दीची येणार. रस्ता एकाचा, सिग्नल दुसऱ्याचा, आतले रस्ते तिसऱ्याचे, स्टेशनचं आवार चौथ्याचं. म्हणून निवेदन सगळ्यांना एकच, एकाच मोजमापासह द्यावं. विभाग कार्यालयात मी जाईन. मोजणीसाठी रविवारी सकाळी भेटायचं का? टेप, खडू आणि घड्याळ एवढंच लागेल.

शिफ्टवाला

रविवारी सकाळी येऊ नका. रस्ता रिकामा असतो, फोटोत सगळं छान दिसेल. सोमवारी या. आठवड्याची पहिली पाळी सुरू होण्याआधी, नाहीतर दुसरी सुरू व्हायच्या वेळेला. आणि एकदा रात्री या, दिवे मोजायला.

डॉ_अनघा

सोमवारी सकाळी मला जमेल. वस्तीतल्या आरोग्यसेविकांना विचारते, बायकांचा नेमका रस्ता त्यांना घराघराने माहीत आहे. निवेदनावर पहिल्या सह्या त्या बायकांच्या घ्याव्यात.

चाकांवरची_आई

आम्ही दोघं येतो. चेअर कुठे अडते ते मोजायला टेप लागणार नाही.

नियमप्रिय

माझ्याकडे ३० मीटरची टेप आहे, घेऊन येतो. @जांभळी_नाका, सिग्नलच्या कोपऱ्यावर विक्रेत्यांचा पट्टा कुठे आखता येईल ते तुम्ही दाखवाल का? निवेदनात नकाशासह घालू, म्हणजे मोकळी जागा करायच्या नावाखाली पहिली गाडी त्यांच्यावर यायची नाही.

जांभळी_नाका

दाखवतो. आईची पहाटेची मार्केटची फेरी उरकली की तिला घेऊनच येतो. वेळ टाका.

सावली_कोपरखैरणे

सोमवार, सकाळी साडेसहा, कोपरखैरणे स्टेशन, पूर्वेची बाजू. ठाण्याकडचे लोक लोकलने या. घोडबंदर आणि विटाव्याची मोजणी त्याच तक्त्यावर करता येईल, तक्ता आज रात्री इथे टाकते.